कुलपाखालचा होकार

हो दाबलंस? बरं. आणि त्याने काय विचारलं होतं, ते वाचलंस का?

नाही ना. वाटलंच मला. तू हसू नकोस रे, तूही त्यातलाच. तुम्हा दोघा भावंडांना स्क्रीनवर काहीही आलं की हो, हो, हो दाबून मोकळं व्हायचं असतं. उद्या त्याने विचारलं, काकाला विहिरीत ढकलू का, तरी हो म्हणाल. ठेव तो लॅपटॉप मिटून. सकाळी उजेडात बघू. रात्री मी ही कामं करत नाही. का करत नाही ते सांगतो, पण मध्ये बोलायचं नाही. आणि नंतर झोप येत नाही म्हणून माझं दार वाजवायचं नाही. कबूल?

ही ऐकीव गोष्ट नाही. नकल्याच्या बाबतीत घडलेली आहे, आणि नकल्या म्हणजे माझा दुकानातला भागीदार. अठरा वर्षं आम्ही एका टेबलावर कॉम्प्युटर उघडले, मिटले, भांडलो, एकाच कपातला चहा अर्धा-अर्धा प्यालो. नकल्या हे नाव मीच ठेवलेलं. कोणी बिघडलेला कॉम्प्युटर घेऊन आलं की याचं पहिलं वाक्य ठरलेलं, "आधी नक्कल." म्हणजे डिस्कवर जे काही असेल, फुटकं-तुटकं, त्याची आहे तशी प्रत दुसऱ्या डिस्कवर काढायची. मग चिरफाड करायची ती त्या प्रतीवर. मूळ डिस्कला बोट लावायचं नाही. दुरुस्ती फसली तर प्रत फेकून द्यायची, नवी काढायची. गिऱ्हाईक रडो, ओरडो, साहेबाच्या ओळखी सांगो, हा ढिम्म. आधी नक्कल. आणि दुसरं, तो प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवायचा. कितीला काम सुरू केलं, मशीन काय म्हणालं, सगळं.

त्याला एक धाकटी बहीण होती. पुस्तकं बांधायची ती, बाइंडिंगचं काम. हाताला कायम खळीचा वास. या दोघांचा लहानपणापासूनचा एक खेळ होता. ही दारात उभी राहून विचारायची, "दादा, जाऊ?" आणि हा म्हणायचा, "थांब." लहान होते तेव्हा, थांब, गणितं झाली का? मोठे झाले तेव्हा, थांब, छत्री घेऊन जा. लग्न झालं, मुलगी झाली, तरी दुकानातून निघताना उंबऱ्यात वळून विचारणारच. "दादा, जाऊ?" "थांब, चहा टाकलाय." मी म्हणायचो, अरे, एकदा तरी जा म्हण तिला. तर म्हणायचा, मी हो म्हटल्याशिवाय ती जात नाही, म्हणून तर म्हणत नाही.

मग तिच्या घशाचं ते दुखणं निघालं. डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करावं लागेल आणि आवाज जाईल. कायमचा. मुलगी तेव्हा पाच वर्षांची, चिमी. तर या बाईने काय केलं असेल? रडत बसली नाही. दुकान बंद झालं की आमच्या मागच्या खोलीत यायची, लाकडी खुर्ची ओढून बसायची आणि कॉम्प्युटरवर स्वतःचा आवाज भरून ठेवायची. अकरा संध्याकाळी. दोनशे बारा फायली. त्यात गोष्टी होत्या, झोपतानाची गाणी होती, "दात घासलेस का, खोटं बोलू नकोस, मला इथून दिसतंय" हेसुद्धा होतं. आणि सातव्या वाढदिवसापासून अठराव्यापर्यंत, दर वाढदिवसाला ऐकायची एकेक फाइल. त्या बारा फायली चिमीच्या आधी कोणी ऐकायच्या नाहीत, अशी आम्हाला ताकीद. ती खुर्ची करकरायची. प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला आधी खुर्चीची ती करकर, मग तिचा खाकरा, मग "चिमे..."

ऑपरेशन झालं. आवाज गेला. पुढे पाटीवर खडूने लिहून बोलायची. मुलांची असते ना, तशी काळी पाटी, लाकडी चौकटीची. आठ महिने काढले तिने तसे. शेवटी दवाखान्यात, नकल्या उशाशी बसलेला असताना तिने पाटी पुढे केली. एकच शब्द लिहिलेला. "जाऊ?"

हा म्हणाला, "थांब."

आणखी दोन दिवस थांबली ती. हा खाली औषध आणायला गेला होता तेव्हा गेली. त्याचं त्याला एक विचित्र समाधान होतं. मला म्हणायचा, "मी हो म्हटलं नव्हतं." मी मान डोलवायचो. तिच्या नवऱ्याने ती पाटी पुसली नाही. त्या अक्षरांवर प्लास्टिकचा पातळ कागद ताणून बसवला, चारी बाजूंनी चिकटपट्टी मारली आणि घरात खिळ्याला टांगून ठेवली. आवाज भरलेला तो कॉम्प्युटरही त्यांच्याच घरी होता; रोज रात्री आईचा आवाज ऐकूनच चिमी झोपायची.

आता मुद्द्याची रात्र. आठ वर्षांपूर्वीची. फेब्रुवारीतला शेवटचा गुरुवार. संध्याकाळी पावणेसात वाजता नकल्याचा मेहुणा दुकानात आला. चादरीत गुंडाळलेला कॉम्प्युटर दोन्ही हातांवर घेऊन, झोपलेलं मूल आणावं तसा. औषधाच्या दुकानात काम करतो तो, मितभाषी माणूस. म्हणाला, "दादा, सोमवारी रात्री आवाज चालू असतानाच वीज गेली. तेव्हापासून हा सुरूच होत नाही."

"चिमी?"

"झोपत नाही. तीन रात्री झाल्या. मी गोष्टी सांगून पाहिल्या, तर म्हणते, तू नको, आई. रडत नाही हो ती... रडली असती तर बरं. नुसती बसून राहते टेबलाकडे बघत. चार दिवसांवर सातवा वाढदिवस आलाय तिचा."

नकल्या म्हणाला, "घरी जा. तिला सांग, मामा आज रात्रीच आईला नीट करतो."

बघा, तोंडातून शब्द कसा निघून जातो. मी तिथेच होतो. मी विचारलं, "अरे, दुसरीकडे कुठे प्रत असेल ना या फायलींची?" तो कॉम्प्युटरचे स्क्रू काढायला लागला. जगाला अठरा वर्षं नक्कल, नक्कल म्हणून शिकवलं आणि स्वतःच्या बहिणीच्या आवाजाची नक्कल काढलेली नव्हती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. उद्या काढू, उद्या काढू, असं करत राहिलं. मला वाटतं त्याच्याने ते ऐकवत नव्हतं, म्हणून त्या मशीनच्या जवळच जात नव्हता.

डिस्क जोडून पाहिली. बिघाड साधा वाटत होता. डिस्क म्हणजे जाडजूड पुस्तक समजा. पानं शाबूत होती, अनुक्रमणिका फाटली होती. कुठली फाइल कोणत्या पानावर, हे मशीनला कळेना. त्यावर एक दुरुस्तीचा प्रोग्रॅम असतो. तो पान न् पान तपासतो आणि जिथे अडेल तिथे विचारतो, हे दुरुस्त करू? हा तुकडा कोणाचाच नाही, याला आईबाप नाहीत, बेवारसांच्या खोलीत ठेवू? आपण 'वाय'ची कळ दाबली की हो, 'एन'ची दाबली की नाही. असे शेकडो प्रश्न.

दहा वाजता मी निघालो. गुडघा दुखत होता. जाताना थट्टेने म्हटलं, "आधी नक्कल बरं का."

तो म्हणाला, "नक्कल निघायला उद्या दुपार होईल. पोरगी बसलीय तिकडे."

मी म्हटलं, बसू दे एक रात्र. अति घाई नको. तो म्हणाला, बरं.

मी थांबायला हवं होतं. आठ वर्षं झाली, रोज वाटतं, मी त्या रात्री थांबायला हवं होतं.

पुढचं सगळं त्याने मला सकाळी सहाला सांगितलं. अकरापर्यंत तो दोन डिस्का समोर ठेवून बसला होता. मग नवी डिस्क त्याने बाजूला सारली आणि दुरुस्तीचा प्रोग्रॅम सरळ मूळ डिस्कवर सोडला. अठरा वर्षांत पहिल्यांदा.

सुरुवातीला एकेक प्रश्न वाचून उत्तर देत होता. शंभर झाले. दोनशे झाले. बारा वाजले, एक वाजला. प्रश्न संपेनात. डोळे चुरचुरायला लागले. ते काम मध्येच तोडता येत नाही, तोडलं तर होतं नव्हतं तेही जातं. आणि सगळे प्रश्न तेच ते. दुरुस्त करू? हो. ठेवू? हो. जोडू? हो.

मग त्याने ती गोष्ट केली. आमच्या धंद्यात सगळेच करतात, मीही केली आहे. दुकानाचं कुलूप उचललं, चांगलं वजनदार पितळी कुलूप, आणि 'वाय'च्या कळेवर ठेवून दिलं. कळ दाबलेली राहिली. आता मशीन विचारत राहणार आणि कुलूप हो म्हणत राहणार. हा उठला. तोंडावर पाणी मारायला मागच्या अंगणातल्या नळावर गेला.

सात मिनिटं. फार तर आठ.

परत आला तर स्क्रीन थांबलेली. काम झालं होतं. त्याने बेवारसांची खोली उघडली. नावं नव्हती, नुसते आकडे. पण फायली मोजल्या... दोनशे बारा. एक कमी नाही, एक जास्त नाही. लांबीही बरोबर, जुन्या नोंदीशी ताडून कुठली फाइल कोणती तेही लागलं. चार मिनिटांची चार मिनिटं, अकराची अकरा. त्याच्या जिवात जीव आला. खुर्चीत बसल्या बसल्या रडला म्हणे.

पहिली फाइल लावली.

खुर्ची करकरली. बरोबर. तशीच सुरू व्हायची.

मग खाकरा यायला हवा होता.

आला नाही.

खुर्ची पुन्हा करकरली. मागे सरकल्यासारखी. मग पावलं. चपला घातलेली, हळू, दाराकडे जाणारी... मग दार.

आणि पुढे काही नाही. चार मिनिटं काही नाही.

त्याने दुसरी लावली. खुर्ची. पावलं. दार.

तिसरी. खुर्ची. पावलं. दार.

गाण्यांची फाइल. तेच. दात घासलेस का, ती. तेच. मग त्याने ताकीद मोडली. सातव्या वाढदिवसाची उघडली. आठव्या. नवव्या. अठराव्या... सगळीकडे ती बसत होती आणि न बोलता उठून जात होती. दोनशे बारा वेळा. शेवटी शेवटी तर त्याला कळेना, खुर्ची स्पीकरमध्ये वाजतेय की त्याच्या मागे. खोली तीच होती. खुर्चीही तीच, त्याच्या पाठीशी.

त्याने वळून पाहिलं नाही.

नोंद उघडली. कुठे चुकलं, ते बघायला. प्रत्येक प्रश्न, प्रत्येक उत्तर, पुढे वेळ. खालून वर वाचत गेला. दुरुस्त करू? हो. ठेवू? हो. जोडू? हो. जोडू? हो.

आणि एक ओळ.

ती इंग्रजीत नव्हती. त्या काळ्या स्क्रीनवर मराठी अक्षर उमटतच नाही रे, नुसते चौकोन येतात. पण होती. मी सकाळी माझ्या डोळ्यांनी पाहिली.

"दादा, जाऊ?"

पुढे उत्तर. हो.

वेळ... दोन वाजून सतरा मिनिटं.

...

नाही, पाणी नको मला. बसा खाली.

तेवढ्यात फोन वाजला. मेहुण्याचा. आवाजात केवढा आनंद! "दादा, झोपली! चौथ्या रात्री झोपली हो पोरगी! गाढ. समोर घड्याळ आहे, सव्वादोनच्या जरा पुढे डोळा लागला तिचा. उठते की काय म्हणून दोन तास जवळ बसून राहिलो, मग तुम्हाला फोन लावला. जमलं वाटतं तुम्हाला?"

नकल्याने नोंदीतली ती वेळ पुन्हा पाहिली.

"अहो, आणि झोपताना काय म्हणावं तिने? म्हणाली, आई गेली, मामा हो म्हणाला." मेहुणा हसत होता. "कशाला हो म्हणालात?"

...

नकल्याने फोन ठेवला. कुलूप उचलून भिंतीवर मारलं. आणि प्रोग्रॅम परत सुरू केला. म्हणाला, आता विचार. आता विचार, मी वाचतो. बोट 'एन'वर ठेवून बसला. मशीनने डिस्क तपासली आणि एक ओळ दिली. डिस्क स्वच्छ आहे. एकही प्रश्न विचारला नाही. त्याने पुन्हा सुरू केला. स्वच्छ आहे. पुन्हा. स्वच्छ आहे. मी सहाला शटर वर केलं तेव्हा तो तेच करत होता, आणि हलक्या आवाजात म्हणत होता, "थांब. थांब. थांब."

मी नंतर त्या डिस्कची नक्कल काढली. काय उपयोग? बैल गेला आणि झोपा केला. मोठ्या शहरात पाठवली, दोन जाणत्या माणसांना दाखवली. त्यांनीही हात टेकले. एक म्हणाला, या फायलींत आवाज कधी भरलेलाच नव्हता, रिकामी खोली रेकॉर्ड केलीय कोणीतरी. अकरा संध्याकाळी शेजारच्या टेबलावर बसून मी ऐकलेला आवाज आहे तो.

सातवा वाढदिवस आला आणि गेला. चिमीने मशीन मागितलं नाही. तेव्हापासून शांत झोपते. आता पंधराची होईल. मागच्या वर्षी तिने मामाला विचारलं, "आईचा आवाज कसा होता?" त्याने ती डिस्क हातात घेतली. मग म्हणाला, "थांब." आता तो सगळ्यांना तेवढंच म्हणतो. जेवतोस का? थांब. बरं वाटतंय का? थांब. आठ वर्षांत मी त्याच्या तोंडून हो ऐकलेलं नाही. दुकान सोडलं त्याने. घरी आहे, पण रोज रात्री दोन वाजता ती डिस्क जोडतो आणि प्रश्नाची वाट बघतो. मी पूर्वी समजावायला जायचो. हल्ली जात नाही. काय समजावणार? काही राहिलेलं नाही तिथे.

आता तुम्ही म्हणाल, डिस्क खराब होती, माणूस दमला होता, पोरगी पेंगुळली होती. बोलाफुलाला गाठ पडली. म्हणा. मीही म्हणायचो. त्या दिवशी सकाळी दहा वाजेपर्यंत म्हणत होतो. मग मेहुणा दुकानात आला. आदल्या दिवसासारखाच, चादरीत काहीतरी गुंडाळून. तोंडावरचा रंग उडालेला. म्हणाला, हे घरात ठेववत नाही. तुमच्याकडे राहू दे, दादांना दाखवू नका.

ते कपाट उघड. वरचा खण. चादरीसकट आण. सांभाळून.

बघा ही पाटी. चारी बाजूंची चिकटपट्टी बघा, नखाने उचकटून बघा हवी तर. जुनी, पिवळी, कुठेही सुटलेली नाही. प्लास्टिकही तेच, त्याने ताणून बसवलेलं. आत तो शब्द होता. वर्षभर मी त्यांच्या घरी जाता-येता वाचलेला.

दिवा जवळ धर.

पुसलीय ना? ओल्या बोटांनी. चार बोटांचे ओघळ दिसतात, डावीकडून उजवीकडे. आतून पुसलीय.

आणि आता प्लास्टिकवर हात ठेव. आठ वर्षं झाली... अजून ओली आहे.